मानपत्रातले गोल

उमाट्यांच्या घरात तीन पिढ्यांत कुणी खोटं बोललेलं नाही. ही गोष्ट खुद्द नानाजी उमाट्यांनी सांगून ठेवलेली, त्यामुळे ती तपासून पाहण्याचा प्रश्नच नव्हता. बोरच्या जंगलात आपण नुसती छत्री उघडून वाघाला पळवलं, हेही नानाजींनीच सांगितलं होतं. नानाजींना जाऊन नऊ वर्षं झाली. त्या रविवारी सकाळी त्यांचा धाकटा मुलगा चंद्रभान आंजीच्या मळ्यात कणकेचे रोडगे भाजायला गवऱ्या रचत होता, आणि घराण्यातलं पहिलं खोटं आज आपल्या नावावर चढतं की काय, या चिंतेत त्या चुकीच्या रचत होता.

"हवा कुठून जाईन रे त्याच्यात?" अन्नपूर्णाबाई मागून म्हणाली. ती चंद्रभानची थोरली बहीण; दोघं भाऊ, तो आणि थोरले दादा, तिला नुसतं 'बाई' म्हणत. तळेगावहून पहिल्या एसटीनं आली होती आणि आल्यापासून एकाही माणसाला बरोबर काम करताना तिनं पाहिलं नव्हतं. "बाबा असते तं लाथ मारून पाडलं असतं."

"पाडतो बाई मीच."

"पाड. अन् मले सांग, दादाले काय सांगणार हायेस?"

चंद्रभाननं ढीग पाडला. उत्तर टाळायला ढीग पाडणं हे बरं काम असतं. पुन्हा रचावा लागतो, आणि तेवढा वेळ मिळतो.

कार्यक्रम दुहेरी होता. लेकीच्या, गुंजनच्या, गुडघ्याचं ऑपरेशन नीट होऊन पोरगी जिना चढू लागली तर बांधावरच्या मारोतीला रोडगे करीन, असा नवस रंभानं, म्हणजे चंद्रभानच्या बायकोनं, बोलला होता. पोरगी जिना चढू लागली. पुढं ती जिना उतरूही लागली, आणि मारोती वाट पाहतोय हे रंभाला रोज आठवू लागलं. त्यातच तापेसर परत आपल्या देशी निघाले. तेव्हा एकाच जाळावर नवसही फिटेल आणि निरोपही होईल, असं ठरलं. उमाटे कृतज्ञ होते, पण गवऱ्या वाया घालवणारे नव्हते.

तापेसर म्हणजे फाउस्तिनो तापिया. मेक्सिकोचा माणूस, वय बावन्न, एकेकाळचा स्ट्रायकर, मग कोच. नागपूरकडं कुणीतरी फुटबॉलची अकादमी काढली, परदेशी कोच म्हणून याला आणलं, आणि चौदा महिन्यांत मालक फुटबॉल सोडून सोलर पॅनलच्या धंद्यात गेला. सरांना एका शाळेत काम मिळालं, आठवड्यातून चार दिवस. अकादमीत काही महिने शिकलेल्या गुंजननं त्यांना एका रविवारी वांग्याची भाजी खायला आंजीला आणलं. ते दोन वर्षं दर शुक्रवारी खातच राहिले. माडीवरची खोली त्यांची झाली, 'तापिया'चं 'तापे' झालं, आणि शुक्रवारपासून रविवारपर्यंत गावातल्या अठरा पोरी विहिरीवरच्या अर्ध्या एकरात फुटबॉलमागे धावू लागल्या.

भानगड त्या अर्ध्या एकराची होती. वाटणीत तो तुकडा सामायिक राहिला, कारण दोन्ही भावांना तोच पाहिजे होता. तिथली वांगी उपटून मैदान करायचं तर थोरले वासुदेवराव हो म्हणायला पाहिजेत. वासुदेवराव निवृत्त मुख्याध्यापक, राहायला वर्ध्याला. पोरींना चेंडू लाथाडायला बापाची जमीन देणारे ते नव्हते. तेव्हा चंद्रभाननं त्यांना एक फोटो दाखवला. फोटोत तरुण तापेसर होते, मागं भलंमोठं स्टेडियम होतं, आणि अंगात हिरवी जर्सी. मेक्सिकोची जर्सी हिरवी असते, हे चंद्रभाननं टीव्हीवर पाहिलं होतं. त्यानं दोन गोष्टींची बेरीज केली.

"देशाकून खेळला दादा हा माणूस," तो म्हणाला होता.

दादांनी फोटो दहा मिनिटं पाहिला. मग म्हणाले, "आंतरराष्ट्रीय खेळाडू आपल्या मळ्यात पाय ठेवतो, हे घराण्याचं भाग्य आहे. तो आहे तोवर मैदान राहील." आणि घरी जाऊन चार लोकांना सांगितलं.

महिन्याभरानं गुंजननं बापाला सांगितलं की ती जर्सी देशाची नाही, बिस्किटाच्या कारखान्याच्या संघाची आहे. तोवर मैदानाला चुना मारून झाला होता. पक्का चुना.

आता सर जाणार, म्हणजे दादांच्या शब्दाची मुदत संपली. दादांच्या डोक्यात तिथं शेडनेट होतं, ढोबळी मिरची होती, आणि जेवण झाल्यावर त्याचा निकाल लागायचा होता. मैदान गेलं तर अठरा पोरी घरी बसतील. सतरा, खरं तर. अठरावी गुंजन. तिचं खेळणं गुडघ्यानं केव्हाच संपवलं होतं. पण सहा महिन्यांपासून सरांच्या हाताखाली बाकीच्यांना तीच शिकवत होती, आणि सर गेल्यावर ते काम पूर्ण तिच्याकडं येणार होतं. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाची पोरगी गळ्यात शिटी घालून उभी राहिली की चंद्रभानला वाटे, हिला आता काही होत नाही. शिटी नसली की काय होतं, ते त्यानं ऑपरेशननंतरचे तीन महिने पाहिलं होतं. भिंतीकडं तोंड करून झोपायची.

"मी दादाच्या बाजूनं हाओ," बाई म्हणाली. "आताच सांगून ठेवतो. बापाची जागा, अन् त्याच्यावर पोट्ट्या अर्ध्या चड्डीवर."

"त्या फुल पँटवर खेळते बाई."

"मंग अजून कायले खेळते?"

चंद्रभाननं गवऱ्या पुन्हा रचायला घेतल्या.

*

वासुदेवराव साडेदहाला आले. बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम होती. तिच्यात काय असणार हे सगळ्यांना माहीत होतं, कारण वासुदेवरावांच्या बगलेत दुसरं काही कधी नसायचंच. मानपत्र. आजवर त्यांनी दोनशे बारा लिहिली होती. बदली झालेले तहसीलदार, सेवापूर्ती झालेले तलाठी, पंचायत समितीचे सभापती. जिल्ह्यात कुणाचा सत्कार निघाला की शाल गुजरीच्या बाजारातून यायची, नारळ देवळासमोरून, आणि मानपत्र वासुदेवरावांकडून. एक ग्रामसेवक तर निलंबित होऊन गेला होता. त्याला 'निष्कलंक' लिहिलं. तो डोळे पुसत घेऊन गेला.

"पाहा," दादांनी चंद्रभानसमोर फ्रेम उघडली. "गुंजनने माहिती पाठवली होती. मी तिला थोडं वळण दिलं."

चंद्रभाननं वाचलं. 'क्रीडाक्षितिजावरील तळपता तारा' इथपर्यंत ठीक होतं. पुढं 'आपल्या देशाचे प्रतिनिधित्व करून' होतं, तिथं तो दोनदा अडखळला. आणि त्याच्याही पुढं: 'एकशे सतरा गोल'.

"दादा, थे सतरा होते ना? गुंजन सतरा म्हणे."

"सतरा हा काय आकडा आहे का?" दादा शांतपणे म्हणाले. "आहेर करतो तेव्हा आपण पन्नास देतो का? एक्कावन्न देतो. शंभर देतो का? एकशे एक. वरचा एक शगुनाचा. मी तो फक्त पुढच्या बाजूला लावला."

"पुढं लावला तं शंभर होते ना दादा."

"मानपत्रात आकडा तीन अंकी शोभतो. माझा अनुभव आहे."

इथं चंद्रभाननं बोलायला पाहिजे होतं. 'दादा, सतराच आहेत, आणि देशही नाही, बिस्किट आहे,' एवढंच. पण सतराचा धागा ओढला की जर्सी उसवणार, जर्सी उसवली की मैदान. त्याच्या मनात आलं, सर उद्या विमानात बसतील. मानपत्र त्यांच्या भिंतीवर लागेल. तिकडं मराठी वाचणार कोण? खोटं इतकं लांब गेलं की त्याला खोटं म्हणायलाही कुणी उरत नाही.

"बेस झालं दादा," तो म्हणाला. "लय बेस झालं."

*

तापेसर पोरींबरोबर आले. शेवटचा सराव करून सगळ्या घामाघूम, आणि सर सगळ्यांत जास्त. डोक्यावर उरलेले केस पांढरे, पोट पुढं आलेलं, पायात अजूनही तो एक झटका की चेंडू दिसला की माणूस पंचविशीचा व्हायचा. चेंडू गेला की परत बावन्न. त्यांनी चपला काढल्या, मारोतीला नमस्कार केला, आणि थेट जाळाजवळ जाऊन चंद्रभानच्या हातातला चिमटा घेतला.

"चंद्रभानभाऊ, हा जळून राह्यला," ते म्हणाले आणि एक रोडगा पलटवला. त्यांचं मराठी सगळं आंजीत शिकलेलं होतं. पुस्तकी शब्द एक येत नसे, पण 'का'ला 'काऊन' ठसक्यात म्हणत.

"जावाईबापूले कायले लावता कामाले," बाई म्हणाली. जावई ते कुणाचेच नव्हते, पण परक्या माणसाला रोडगे पलटवू द्यायचे तर काहीतरी नातं लावावं लागतं.

पंगत आंब्याखाली बसली. वांग्याची भाजी, वरण, रोडगे चुरून त्यावर तूप. सरांनी पाच खाल्ले. सहावा बाईनं त्यांना न विचारता टाकला. न विचारता टाकते ती फक्त तळेगावच्या नातवांना. चंद्रभाननं ते पाहिलं आणि त्याला जरा बरं वाटलं. वाटायला नको होतं, कारण हात धुऊन झाल्याबरोबर दादा उठले, टोपी सारखी केली आणि घसा साफ केला. पोरी रांगेत बसल्या. रंभा भासऱ्यांसमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, डोक्यावर पदर घेऊन आंब्याच्या खोडाआड उभी राहिली. गुंजन सरांशेजारी बसली, इंग्रजीत सांगायला. एवढं जड मराठी त्यांना कळणार नव्हतं.

शाल झाली. नारळ झाला. मग दादांनी वाचायला सुरुवात केली. तेहतीस वर्षं प्रार्थनेच्या मैदानावर माइकशिवाय बोललेला आवाज. विहिरीवरचे बगळे उडाले.

गुंजन कानात सांगत होती, सर मान हलवत होते. 'तळपता तारा'ला ते लाजले. मग 'देशाचे प्रतिनिधित्व' आलं आणि गुंजन थांबली. तिनं बापाकडं पाहिलं. चंद्रभाननं गवऱ्यांच्या राखेकडं पाहिलं. मग 'एकशे सतरा गोल' आलं. गुंजननं ते मात्र सांगितलं. आकडा लपवायचा तिचा स्वभाव नव्हता. तो आईवर गेला होता.

सरांनी हात वर केला. वर्गात करतात तसा.

"दादाजी, एक मिंट."

वासुदेवरावांना मानपत्र वाचताना आजवर कुणी थांबवलं नव्हतं. ते चष्म्यावरून पाहत राहिले.

"मी सतरा," तापेसर म्हणाले. "शंभर कोणाचे?"

पोरींत खसखस पिकली. दादा म्हणाले, "सर, ती आमच्याकडची पद्धत आहे. शुभ असतं."

"हो. लय मेहेरबानी. पन मी नऊ वर्सं खेळलो. चार क्लब. मोठे नाई, लहान लहान. सतरा गोल." त्यांनी बोट कपाळाला लावलं. "एकेक आठवते मले. शंभर असते तं आठवले नसते."

"पण देशाकडून..." दादांचा आवाज मुख्याध्यापकाचा राहिला नव्हता.

"देश?" सर हसले. "नाई नाई. बिस्किट."

दूर नाल्यापलीकडं कुणाचा तरी पंप सुरू होता, तो त्याच वेळी बंद पडला. वीज गेली होती, पण चंद्रभानला ते आपल्यामुळेच वाटलं.

सर मग गुंजनकडं वळून आपल्या इंग्रजीत बोलू लागले. हातवारे करत, मध्येच एखादा मराठी शब्द टाकत. गुंजन सांगत गेली, जमिनीकडं पाहून.

"सर म्हणते, त्यांच्या गावात त्यांच्या सतरा गोलांपैकी एकही कोणाच्या ध्यानात नाई. सगळ्यांच्या ध्यानात अठरावा हाय. तो झालाच नाई. शेवटचा सामना होता, जिंकले असते तं क्लब वरच्या लीगमधी गेला असता. पेनल्टी भेटली. सरांनी मारली अन् खांबाले लागली." ती थांबली. "त्याच्यानंतर बेकरीवाली पाव देये, पण बोलत नोती. सर एकोणतीस वर्सांचे होते. म्हणून ते कोच झाले. कोचले कोणी म्हणत नाई, मार गोल."

"अन् मंग दूर दूर गेलो," सर स्वतःच म्हणाले. "एक देश, दुसरा देश. जिथं कोणाले पेनल्टी माहीत नाई. आंजी लय दूर हाय. इथं आलो तं तुमी मले शंभर गोल फुकट देऊन राह्यले." त्यांनी दोन्ही हात जोडले. थट्टा नव्हती त्यात. "मी घेतले असते दादाजी. पन हे पोट्ट्यांले मी सांगतो, रेषेच्या भाईर गेला तं भाईर म्हनजो. मंग मी कसा घेऊ?"

दादांनी फ्रेम खाली घेतली. "चंद्रभान," ते म्हणाले.

चंद्रभान उठून उभा राहिला. छप्पन्न वर्षांचा माणूस, पण उभा असा राहिला जसा पाचवीत गृहपाठ न करता राहायचा.

"तू म्हणाला होतास, देशाकडून."

"म्हनलो होतो दादा."

"तुला माहीत होतं?"

"म्हनलो तवा नोतं. मंग झालं. मंग सांगतलं नाई." इतक्यावर थांबता आलं असतं, पण एकदा बांध फुटला की पाणी मोजून सोडता येत नाही. "सांगतलं असतं तं तुम्ही मैदान देलं नसतं. बिस्किटवाल्या मानसासाठी कोन देते जागा? पोरगी भितीकडं तोंड करून निजे दादा. मैदानावर गेली की बोले. म्या मैदान पाह्यलं, खरं-खोटं नाई पाह्यलं."

"घराण्यात खोटं बोलणारा पहिला तू," दादा म्हणाले.

"पह्यला?" बाई म्हणाली. ती आतापर्यंत रोडग्याचं उष्टं गोळा करत होती. "अन् बाबाच्या वाघाचं काय?"

"बाई, मध्ये बोलू नको."

"काऊन नाई बोलू? कुत्रं होतं थे. घोराडच्या पाटलाचं. मायनं सांगतलं होतं मले. छत्री बी बाबानं नाई उघडली, मायनं उघडली." तिनं पत्रावळी एकावर एक रचल्या. मग सरांकडं वळली. "ते जाऊ द्या. तुम्ही सांगा मले. गोल हुकला त्या दिवशी घरी गेलते तं मायनं जेवाले वाढलं का नाई?"

गुंजन सांगायच्या आधीच सरांना कळलं. "वाढलं."

"काही बोलली?"

"नाई. दोन वेळा वाढलं."

"मंग झालं," बाई म्हणाली, आणि तिच्यापुरता तेवीस वर्षांपूर्वीचा तो सामना तिथं निकाली निघाला. चंद्रभानला एवढं मात्र समजलं की सकाळी दादांच्या बाजूला असलेली बाई आता तिथं नाही. नेमकी कुणाच्या बाजूला आहे ते कळत नव्हतं. बहुधा त्या मेक्सिकोतल्या मायच्या.

खोडाआडून बांगड्या वाजल्या.

"दादाजीले सांगा," रंभा म्हणाली. भासऱ्यांशी ती तीस वर्षांत थेट बोलली नव्हती. हवेला सांगायची, हवा पोचवायची. "गुंजीचं ऑपरेशन झालं तवा अकरा दिवस वर्ध्याच्या दवाखान्यात होती. मले गाईचं सोडून जाता ये नाई. मी सैपाक करो, तो डबा तापेसर बसनं नेऊन देये. पोरगी रडे, आता मी कायची खेळाडू म्हणे. तं या मानसानं तिले आपले सतरा गोल सांगतले. अन् तो हुकलेला बी सांगतला. कोनाले सांगतला नोता, बायकोले बी नाई म्हणे, पन तिले सांगतला. अन् तिसऱ्या महिन्यात पोरीनं मले म्हनलं, आई, सर हुकले अन् कोच झाले, तं मी बी होईन."

ती खोडाआडून बाहेर आली. पदर होता, पण बोट थेट भासऱ्यांकडं होतं.

"आंधी आपल्या गावात पोट्टी सकाळी घराभाईर निंगाली का धा जन विचारे, कुठं चालली वं? आता अठरा जनी सायकलनं निंगते अन् कोनी विचारत नाई. माईत असते, मळ्यात चालल्या. हे मोठं का शंभर गोल मोठे? शंभर घेऊन काय कराचं दादाजी. त्या सतरातच माह्या पोरीचा गुडघा जाग्यावर बसला."

एवढं बोलून ती पुन्हा खोडाआड गेली. जणू काही झालंच नाही.

वासुदेवराव खाटेवर बसले. चंद्रभानला वाटलं, आता ते उठतील, वर्तमानपत्र गुंडाळतील आणि साडेतीनच्या बसनं वर्ध्याला जातील. मग एक महिना बोलणार नाहीत आणि मग शेडनेटवाला येईल. नानाजींच्या तेरवीला असंच झालं होतं.

"दोनशे बारा मानपत्रं लिहिली मी," दादा म्हणाले. कुणालाच उद्देशून नाही. "दोनशे बारा. 'अजातशत्रू' लिहिलं, 'कर्मयोगी' लिहिलं. एकानं सुद्धा कधी म्हनलं नाई, गुरुजी, हे माहं नोहे." त्यांच्या तोंडून वऱ्हाडी निघाली की घरातले लोक जपून राहत, ती एकदा नानाजींच्या चितेपाशी निघाली होती. "सगळे घेऊन गेले बाप्पा. वरून विचारे, अजून काही टाकता का?"

त्यांनी वांगी चिरायची सुरी मागितली. चंद्रभान क्षणभर घाबरला. दादांनी फ्रेम पालथी केली, मागचे खिळे सुरीनं उपटले आणि कागद बाहेर काढला. खिशातलं पेन काढून 'एकशे'वर एक आडवी रेघ मारली. मग 'आपल्या देशाचे' खोडून वर लिहिलं, 'आपल्या कारखान्याचे'. आणि दोन्ही खोडींच्या शेजारी, गुणपत्रकात चूक दुरुस्त केली की मुख्याध्यापक करतात तशी, बारीक सही केली. व. ना. उ. तारीख टाकली.

"आता खरं झालं," ते म्हणाले. "खाडाखोडीचं मानपत्र पहिल्यांदाच देऊन राह्यलो. सर, चालेल ना?"

तापेसरांनी कागद दोन्ही हातांनी घेतला. मराठी त्यांना वाचता येत नव्हतं. पण रेघ दिसत होती आणि सही दिसत होती. ते त्या रेघेवरून बोट फिरवत राहिले. मग खाली वाकून वासुदेवरावांच्या पाया पडले. बावन्न वर्षांच्या परदेशी माणसाला वाकायला वेळ लागतो. दादांनी त्यांना मध्येच धरलं आणि दोघं तसेच अर्धवट वाकलेले थोडा वेळ राहिले. पोरींपैकी कुणीतरी रडायला लागली. मग सगळ्याच. गुंजन रडली नाही. ती सरांची सुटलेली शाल खांद्यावर नीट करत होती, आणि करून झाल्यावरही करत होती.

"शेडनेटचं काय मंग?" बाईनं विचारलं. रडारडीत मुद्दा वाहून जाऊ देणारी ती नव्हती.

दादांनी चष्मा पुसला. "गुंजन, किती पोरी?"

"अठरा. म्हणजे सतरा अन् मी, मोठे बाबा."

"हजेरी घेतेस?"

"नाई."

"मग कसली कोच? वर्ध्याहून हजेरीपट पाठवतो. रोज भरायचा. महिन्याच्या शेवटी मला दाखवायचा." ते चंद्रभानकडं वळले. "जागा तशीच राहू दे. कागदावर नंतर पाहू. तुझ्याशी मात्र दिवाळीपर्यंत बोलणार नाही."

"हो दादा," चंद्रभान म्हणाला. दिवाळीला दहा महिने होते. आणि एवढी मोठी शिक्षा त्याला आयुष्यात कधी इतकी गोड लागली नव्हती. मारोतीच्या शेंदराकडं पाहून त्यानं मनातल्या मनात हात जोडले. मग आंब्याच्या खोडाकडं पाहून. मग, थोडं थांबून, त्या लांबच्या कुठल्याशा गावातल्या गोलपोस्टाच्या खांबालाही.

"चंद्रभान, चहा मांड," दादा म्हणाले, आणि आपण बोललो हे लक्षात येऊन दुसरीकडं पाहू लागले.

सोमवारी सकाळी तापेसर सातच्या बसनं गेले. कागद परत बसवलेली फ्रेम त्यांनी पिशवीत ठेवली नाही, मांडीवर घेतली. अठरा सायकली बसबरोबर फाट्यापर्यंत गेल्या. बस दिसेनाशी झाल्यावर गुंजननं शिटी वाजवली आणि सगळ्या मळ्याकडं वळल्या, कारण सराव आता रोज साडेसातला असतो.

मानपत्रातली बाकीची वाक्यं वासुदेवरावांनी तशीच ठेवली होती. त्यांत एक होतं: 'आपल्या मार्गदर्शनाखाली आंजीच्या संघाने यशाची शिखरे पादाक्रांत केली.' संघ दोन वर्षांत एकवीस सामने खेळला होता. जिंकला एकही नव्हता.